तत्त्वज्ञान शिकून काय करणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण जमतो आणि तत्त्वज्ञानातला एखादा प्रश्न घेऊन दीड तास त्यावर बोलतो. निवृत्त बँकवाले आहेत, हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या दोघी आहेत, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं येऊन-जाऊन असतात. नवीन माणूस आला की ठरलेले प्रश्न विचारतो आणि मी तीच उत्तरं देतो, दर वेळी थोडी वेगळी. म्हटलं, एकदाची लिहून टाकावीत.

तत्त्वज्ञान म्हणजे काय? थोडक्यात सांगा.

आपण जे गृहीत धरून चालतो त्याला ‘कशावरून?’ असं विचारायचं, आणि जे कारण पुढे येईल ते पुरतं का, हे तपासायचं. ‘चोरी वाईट’ हे सगळ्यांना माहीत असतं. वाईट म्हणजे काय, आणि ते वाईट कशामुळे ठरतं, इथून तत्त्वज्ञान सुरू होतं.

आणि सविस्तर सांगायचं तर?

प्रश्नांचे ढोबळ गट पडतात. आहे म्हणजे काय, काळ, मन, आत्मा, कार्यकारण हे खरोखर काय आहेत, हे पाहणारी सत्तामीमांसा. आपल्याला एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ असं कधी म्हणता येतं, हे पाहणारी ज्ञानमीमांसा. कसं वागावं याचं नीतिशास्त्र. कारणावरून निष्कर्षाकडे नीट कसं जायचं याचं तर्कशास्त्र. शिवाय सौंदर्यशास्त्र, राजकीय तत्त्वज्ञान, विज्ञानाचं तत्त्वज्ञान वगैरे. ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. एखादा प्रश्न जरा खोल गेला की चारही दारं आतून एकमेकांत उघडतात.

‘तत्वज्ञान’ की ‘तत्त्वज्ञान’?

तत्त्वज्ञान. तत् अधिक त्व, म्हणजे ‘ते-पण’. मूळचा त आणि प्रत्ययातला त, दोन्ही हवेत. पुण्यात हा प्रश्न आला नाही असा रविवार गेलेला नाही.

तत्त्वज्ञान, दर्शन, अध्यात्म: सगळं एकच ना?

नाही, आणि इथे बरीच गफलत होते. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शहाणपणाची ओढ’. आपल्याकडचा ‘दर्शन’ हा शब्द दृश् धातूवरून आला. जगाकडे पाहण्याची एक सुसंगत रीत असा त्याचा अर्थ. या दर्शनांत मोक्षाची चर्चा भरपूर आहे, म्हणून लोक दर्शन म्हणजे अध्यात्म असं समजतात. पण न्यायदर्शनाची पानंच्या पानं ‘ज्ञान कोणत्या मार्गाने होतं’ यावर खर्ची पडली आहेत. तिथे ध्यान-धारणेपेक्षा पुरावा, साक्षीदाराचा विश्वासार्हपणा, युक्तिवादातली चूक अशा गोष्टी जास्त भेटतात. एखाद्या वकिलाला ते वाचताना घरी आल्यासारखं वाटेल.

अध्यात्मात अनुभवाला शेवटचा शब्द असतो. तत्त्वज्ञानात तो अनुभव सांगून झाल्यावर समोरचा ‘हा भ्रम नव्हता कशावरून?’ असं विचारू शकतो, आणि ते उद्धटपणाचं मानलं जात नाही.

म्हणजे तत्त्वज्ञान नास्तिकांचं?

‘नास्तिक’ शब्द जपून वापरा. दर्शनांच्या वर्गीकरणात नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा: चार्वाक, जैन, बौद्ध. देव न मानणारा हा अर्थ तिथे नाही. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दोन्ही आस्तिक दर्शनं, पण जगाचा कर्ता ईश्वर आहे हे अभिजात सांख्याला पटत नाही, आणि मीमांसकांनाही त्याची गरज वाटत नाही. मीमांसक तर यज्ञयागाचे कट्टर पुरस्कर्ते. वेद माना, यज्ञ करा, ईश्वराचं नंतर बघू, ही भूमिका ऐकून आमच्याकडच्या एक काकू दोन रविवार माझ्यावर रागावून होत्या. तिसऱ्या रविवारी स्वतःच मीमांसेवरचं पुस्तक घेऊन आल्या.

पण हे सगळं म्हणजे वाद घालणंच ना? तो तर आम्ही घरीही घालतो.

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला तत्त्वज्ञानाबद्दल जे काही सांगायचं आहे ते बहुतेक इथेच आहे.

मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडणाच्या अलीकडचा थांबा. न्यायसूत्रांत मात्र चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला वाद हा सगळ्यांत चांगला. दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे, दोघंही प्रमाणं (म्हणजे ज्ञान मिळवण्याची भरवशाची साधनं) आणि तर्क वापरतात, तो वाद. जिंकायचं आहे, त्यासाठी शब्दांचे खेळ केले, समोरच्याच्या म्हणण्याचा मुद्दाम भलता अर्थ लावला तरी चालेल, तो जल्प. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची, ती वितंडा. वितंडवाद शब्द तिथूनच आला. आता तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा आणि वर्गीकरण करा. वाद सापडला तर मला कळवा.

वादाची गंमत त्याच्या क्रमात आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. म्हणजे जे आपल्याला पटत नाही तेच आधी मांडायचं, तेही इतकं नीट, की त्या मताचा माणूस म्हणाला पाहिजे, ‘हो, मला हेच म्हणायचंय.’ त्यानंतरच खंडनाचा हक्क मिळतो. जुने ग्रंथकार पूर्वपक्ष कधीकधी इतका भक्कम मांडतात की नवशिक्या वाचकाला तेच ग्रंथकाराचं मत वाटतं. आमच्याकडे याचा एकच नियम आहे: समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगितल्याशिवाय ‘पण’ म्हणायचं नाही. पहिले दोन-तीन रविवार हा नियम जाचतो. पुणेकराला जास्तच.

वाद सोडून जल्प सुरू झाला की काय होतं, हे या शहराने पाहिलेलं आहे. टिळक आणि आगरकर हे मित्र; 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं तेव्हाच्या घडामोडीतले सोबती. पुढे आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावर त्यांचं बिनसलं. प्रश्न अस्सल होता, दोन्हीकडे कारणं होती. पण आगरकरांच्या विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. त्या यात्रेत उत्तरपक्ष कुठला होता?

तर्क म्हणजे नेमकं काय करता? एखादं उदाहरण द्या.

न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण डोंगरावरच्या धुराचं आहे: धूर दिसतो, म्हणून अग्नी असणार. ते पाच पायऱ्यांत मांडतात. आपण मुठेच्या काठी उभं राहून करू.

प्रतिज्ञा: खडकवासला धरणातून पाणी सोडलं आहे. हेतू: कारण भिडे पूल पाण्याखाली गेला आहे. उदाहरण: जेव्हा जेव्हा भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा धरणातून पाणी सोडलेलं असतं, जसं मागच्या पावसाळ्यात झालं. उपनय: आजही पूल तसाच बुडाला आहे. निगमन: म्हणून पाणी सोडलं आहे.

पटतं ना? आता तिसरी पायरी पाहा. ‘जेव्हा जेव्हा’ हे कशावरून? हेतू आणि निष्कर्ष यांच्या या कायमच्या जोडीला व्याप्ती म्हणतात, आणि चार्वाकाने बोट ठेवलं ते इथेच. आत्तापर्यंत पाहिलं तेवढंच तुम्हाला माहीत; सगळे धूर, सगळे पूर तुम्ही पाहिलेले नाहीत. म्हणून प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी अनुभवलेलं, हे एकच प्रमाण, अनुमानावर भरवसा नाही, असं तो म्हणतो. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जवळपास हीच शंका काढली आणि युरोपातले तत्त्वज्ञ अजून ती मिटवत बसले आहेत.

ही शंका नुसती हवेतली नाही. 12 जुलै 1961 ला मुठेला पूर आला आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. ते पाणी कोणी सोडलं म्हणून आलं नव्हतं, पानशेतचं धरण फुटलं होतं. नेहमीच्या व्याप्तीवर विसंबून ‘सोडलं असेल, ओसरेल’ असं म्हणणाऱ्याचं अनुमान त्या दिवशी चुकलं असतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अशा चुकणाऱ्या हेतूला हेत्वाभास म्हणतात. दिसायला हेतू, पण तो निष्कर्षाला धरून राहत नाही.

हा सगळा काथ्याकूट नाही का?

कधीकधी असतो. आपल्या परंपरेने स्वतःचीच टिंगल करून ठेवली आहे. एक नैयायिक बाजारातून वाटीत तूप घेऊन निघाला. वाटेत त्याला शंका आली: तुपाला वाटीचा आधार की वाटीला तुपाचा? प्रयोग करून पाहावा म्हणून त्याने वाटी उलटी केली. ज्ञान झालं, तूप गेलं.

पण काथ्याकूट वाटणारे काही प्रश्न दारावर धडक मारतात. बाबांची चेतक स्कूटर घ्या. दर दोन-तीन वर्षांनी एक-एक भाग बदलला: इंजिन, हँडल, पत्रा, सीट. आज मूळचा एकही भाग उरला नाही. ती बाबांचीच स्कूटर का? हो म्हणालात, तर पुढचं ऐका. काढलेले सगळे भाग नाना पेठेतल्या एका मेकॅनिकने जपून ठेवले होते आणि त्याने ते जोडून दुसरी गाडी उभी केली. आता बाबांची कुठली? हे कोडं ग्रीकांनी थीसियसच्या जहाजावर घातलं होतं, आणि जुन्या फळ्यांचं दुसरं जहाज करण्याची भर थॉमस हॉब्जने घातली.

स्कूटरच्या जागी सोसायटी ठेवा. इमारत पाडली, नवी बांधली, निम्मे सभासद नवे, मजले दुप्पट. जुन्या सोसायटीचं देणं कोणी फेडायचं? कायद्याला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून तो सोसायटीला सलग चालणारी एकच संस्था मानतो. म्हणजे त्यानेही या कोड्यात एक बाजू घेतलेली आहे.

रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही आमच्या गटातले.

एका सोसायटीत पाटी लागली: ‘घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये.’ आमच्यातल्या एकीने रागावून काही लिहिलं नाही, नियमाप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडला. लिफ्टचा खर्च सभासद देतात, म्हणून वापर त्यांचा. मग तिने विचारलं: कुरियरवाला वापरतो, पाहुणे वापरतात, ते कुठे खर्च देतात? गर्दी होते म्हणाल, तर पाटीवर वेळ लिहा, माणसं का लिहिता? एकेक कारण गळत गेलं आणि शेवटी उरलं ते कारण तोंडाने कोणी बोलेना. जोतीराव फुल्यांनी 1873 साली याच शहरात सत्यशोधक समाज काढला तो अशाच न बोलल्या जाणाऱ्या कारणांना बोलतं करण्यासाठी. आपल्याकडे फुल्यांना समाजसुधारकांच्या कप्प्यात ठेवतात. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ वाचला तर हा माणूस हक्क, निर्मिक (जगाचा निर्माता) आणि सत्य यांवर पायापासून विचार करणारा तत्त्वज्ञ आहे हे कळतं. तो कप्पा चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. पाटीचं म्हणाल तर ती निघाली, पण नंतर कुठल्याशा सणाच्या रोषणाईच्या वेळी. तर्काने निघाली असा दावा मी करणार नाही.

दुसरा प्रसंग कठीण. गटातल्या एका काकांचे मोठे भाऊ अतिदक्षता विभागात होते. बरे होण्याची आशा नाही, व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की काढायचा ते घरच्यांनी ठरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी म्हणत होत्या, काढलं तर आपणच मारल्यासारखं होईल. मारणं आणि मरू देणं यांत फरक आहे का, यावर तत्त्वज्ञांनी खूप लिहिलं आहे. काही म्हणतात, परिणाम तोच, मग फरक कसला? दुसरे म्हणतात, एकात मृत्यूचं कारण तुम्ही असता, दुसऱ्यात आजार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणात 2011 साली हाच भेद धरून काही अटींवर उपचार थांबवायला मान्यता दिली, आणि 2018 साली माणसाने आधीच तसं लिहून ठेवण्याचा हक्कही मान्य केला. काका सांगत होते, ‘निर्णय सोपा झाला नाही. पण वहिनींना मला सांगता आलं, की तुम्हाला वाटतंय ते वेडेपणाचं नाही, मोठमोठे लोक तुमच्या बाजूने आहेत, आणि दुसऱ्या बाजूने हे असं म्हणतात.’ त्या घरात त्या आठवड्यात कोणी कोणावर ओरडलं नाही.

अडीच हजार वर्षांत उत्तरं मिळाली नाहीत, मग प्रगती ती काय?

ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायची पद्धत सापडते ते प्रश्न घर सोडून जातात. न्यूटनच्या 1687 सालच्या ग्रंथाच्या नावात ‘निसर्गाचं तत्त्वज्ञान’ असे शब्द आहेत. आज तो विषय भौतिकशास्त्र. मानसशास्त्रही असंच वेगळं निघालं. मागे उरतात ते हट्टी प्रश्न, आणि मग लोक म्हणतात या घरात कोणी कमावतं नाही.

पुण्यात याची परंपरा आहे का?

आहे, आणि ती एकाच पेठेतली नाही. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. त्याच दक्षिणेच्या पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. भांडारकर संस्था 1917 ची. फर्ग्युसनमध्ये रा. द. रानडे शिकवत, पुढे ते अलाहाबादला गेले आणि उपनिषदांवरच्या ग्रंथाने जगभर वाचले गेले. स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि वारकरी कीर्तनकारही. दिवसा प्लेटो आणि संध्याकाळी ज्ञानेश्वरी. हे दोन्ही एका माणसात मावतं, हे आमच्या गटातल्या तरुणांना खरं वाटत नाही.

टिळकांचं ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीने, आणि 1915 साली पुण्यात छापलं गेलं. त्यातला कर्मयोगाचा निष्कर्ष पटो न पटो, संन्यासमार्गी भाष्यकारांची बाजू मांडून मग तिला उत्तर देण्याची आणि मध्येच कांट, मिल, स्पेन्सर यांना बोलावण्याची रीत पाहण्यासारखी आहे. विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं ‘परामर्श’ हे त्रैमासिक तर निखळ मराठीतलं. आणि रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला: तिथे व्याख्यानापेक्षा बाहेर पडताना चालणारी चर्चा ऐका. (हे रानडे न्यायमूर्ती; वरचे गुरुदेव. दोघांची सरमिसळ करू नका, परीक्षेतसुद्धा होते.)

इंग्रजी किंवा संस्कृत आलंच पाहिजे का?

सुरुवातीला नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ मोठ्या वाचनालयात मिळतो, मराठी विश्वकोशातल्या नोंदीही चांगल्या आहेत. परिभाषा जड वाटेल. पण ‘ज्ञानमीमांसा’ हा शब्द दोनदा फोडून पाहिला की समजतो. पुढे जायचं असेल तर एक भाषा तरी लागेल. मला जर्मन येत नाही, म्हणून कांट मी कायम दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचतो. त्याची खंत आहे.

नोकरीचं काय?

गुळगुळीत बोलत नाही. तत्त्वज्ञानाची पदवी दाखवली की नोकरी, असं होत नाही. कुठल्याही शाखेचा पदवीधर साधारणपणे एम. ए. ला येऊ शकतो, त्यानंतर नेट किंवा सेट देऊन प्राध्यापकी, पण जागा फार कमी निघतात. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये हा विषय गाजतो तो केंद्रीय लोकसेवा आयोगामुळे: वैकल्पिक विषय म्हणून 250 गुणांचे दोन पेपर, आणि 2013 पासून सगळ्यांनाच नीतिशास्त्राचा सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, तोही 250 चा. अभ्यासक्रम तुलनेने आटोपशीर म्हणून मुलं हा विषय घेतात. त्यात वाईट काही नाही. फक्त नोट्स पाठ करून ‘कांट म्हणतो’ लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की तो असं का म्हणतो. वकिली, पत्रकारिता, प्रोग्रॅमिंग यांत तर्काची सवय कामी येते. पण त्यासाठी घरच्यांशी भांडून पूर्ण पदवी घ्यावी का, हे ज्याच्या-त्याच्या खिशावर आहे.

वय झालंय, आता जमेल का?

आमच्यातला सगळ्यांत तल्लख प्रश्न विचारणारा माणूस 74 वर्षांचा आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त.

सुचवा, सुरुवात कुठून करू?

ग्रंथापासून नको. या आठवड्यात तुम्हाला चीड आणणारं एक मत निवडा: पाटीवरचं, अग्रलेखातलं, नाहीतर सासऱ्यांचं. एक कोरा कागद घ्या. त्यावर त्या मताची सगळ्यांत भक्कम बाजू पाच वाक्यांत लिहा, टोमणा न मारता. मग तो कागद ज्याचं ते मत आहे त्याच्याकडे न्या आणि विचारा, ‘तुम्हाला हेच म्हणायचंय का?’ ‘नाही’ म्हणाले तर पुन्हा लिहा. ‘हो’ म्हणाले की कागद उलटा करा आणि मागच्या बाजूला तुमचं सुरू करा. सासऱ्यांचं मत निवडलंत तर दोन कागद लागतील.